मोह हलवत नाई कोणी

आमच्या गडचिरोलीच्या दवाखान्याचा मेल सर्व्हर सांभाळणारा तो माणूस काही विचारलं, की आधी खिडकीबाहेरचं मोहाचं झाड पाहतो, मग बोलतो. त्या सकाळी खाली पडलेल्या मोहफुलांचा गोड वास आत भरला होता आणि नागपूरहून निघालेला रक्ताचा रिपोर्ट पोचतच नव्हता.

"स्पॅमची चाळणी अडली, बाई. मेल खरा का खोटा, ते बाहेरच्या एका सर्व्हरले विचारते. तो बंद आहे. ही वाट पाहून राह्यली."

"मग ते विचारणं बंद करा ना!" मी म्हणाले.

"मोह हलवत नाई कोणी, बाई. पडन तवा वेचाचा."

"अहो, वॉर्डात पोरगी तापानं फणफणली आहे!"

या वेळी त्यानं मोहाकडे पाहिलं नाही. विचारणं बंद केलं आणि मेल टपटप पडू लागले. रिपोर्ट छापून तो धावत सुटला. दाराशी काढलेल्या चपला तशाच राहिल्या.