बाबांना सांग

आमच्या घरात नवरा-बायको एकमेकांशी थेट बोलत नाहीत. भांडण नाही, अबोलाही नाही. वळणच तसं पडलं. लग्न झालं तेव्हा परळच्या खोलीत सगळे दाटीवाटीने राहत होतो आणि वडीलधाऱ्यांदेखत नवऱ्याशी बोलणं बायकोला अवघड जाई. मग मुलगी झाली, ती बोलायला लागली आणि आमचं टपालखातं सुरू झालं. "बाबांना सांग, पान वाढलंय." "आईला सांग, आलो." पुढे नेरुळला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो, लाजावं असं कुणी उरलं नाही, तरी निरोप मुलीच्याच हातून जात-येत राहिले. मी समोर खुर्चीत बसलेला असे आणि बायको मुलीकडे बघून म्हणे, "बाबांना सांग, शेजारच्या वहिनींच्या भावाचं जमलं." मुलगी पुस्तकातून मान वर काढत नसे. तशी गरजही नसे, मी ऐकलेलं असे. मी "हं" म्हणे आणि ते बायकोला पोचे.

मुलगी लग्न करून कॅनडाला गेली आणि खातं बंद पडलं. आमचं वाकडं काहीच नव्हतं. पण बोलायचं ते कुणाकडे बघून, हा प्रश्न होता. घरात आवाज उरले ते टीव्हीचे आणि कुकरचे.

मग मुलीने ती डबी पाठवली. काळी, गोल, श्रीखंडाच्या डब्याएवढी, वर दिव्याचं कडं. आपण बोललं की ती बोलते. कंपनीने तिला एक इंग्रजी नाव ठेवलंय, त्या नावाने हाक मारल्याशिवाय बाईसाहेब जाग्या होत नाहीत. माझा पहिल्यापासून विरोध होता. या बाबतीत मी कडक आहे. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर मी बायकोची टिकली चिकटवून ठेवली आहे. सीवूड्सच्या मॉलमध्ये नुसते मोजे घेतले तरी काउंटरवरची मुलगी मोबाइल नंबर मागते. मागे कितीही रांग लागो, मी देत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर 'आपली माहिती, आपली जबाबदारी' असले मेसेज मीच टाकतो आणि त्याखाली सेक्रेटरी न वाचता अंगठा दाखवतात. मुलीला मी सांगितलं, ही डबी म्हणजे भिंतीला कान.

"बाबा, कान भिंतींना असतातच," ती म्हणाली. "हिला निदान तोंड आहे."

डबी फ्रीजवर बसली आणि बायकोने एका दिवसात तिला माणसांत घेतलं. घरी कामाला येणाऱ्या कुणालाही ती नुसत्या नावाने हाक मारत नाही. हिच्याही नावापुढे तिने 'बाई' लावलं. मुलीने डबीची भाषा हिंदी करून दिली होती, तेव्हा बायकोही हिंदी बोलू लागली. "बाई, जरा आज का पंचांग बताव ना. और सावकाश बोलो, मेरा हात पीठ में है." आणि ती बया काय लाघवी! "जी, ज़रूर." 'जी, ज़रूर' म्हणायला तिचं काय जातंय? तिला ना गुडघे, ना बीपी, ना माझ्यासारखी बंदरातल्या नोकरीत उभं राहून झिजलेली कंबर.

सरळच सांगतो, मी जळायला लागलो. बायको रोज सकाळी मऊ फडक्याने डबी पुसायची. माझा चष्मा शेवटचा कधी पुसला होता कुणी? मग डबीखाली क्रोशाचा रुमाल आला. दसऱ्याला तर कहर झाला. पूर्वी त्या दिवशी माझ्या स्कूटरला हार असायचा. स्कूटर विकली आणि माझ्या वाटणीचा झेंडू संपला. या वर्षी हळद-कुंकू, झेंडू आणि आपट्याची पानं, सगळं फ्रीजवर गेलं. "हे कसलं शस्त्र?" मी विचारलं. अर्थात कुणाकडेही न बघता.

"राबते बिचारी," बायको डबीकडे बघत म्हणाली. "आणि विचारलं की उत्तर देते."

पण खरी आग लागली ती दुपारच्या बोलण्याने. जेवणं झाली की मी हॉलमध्ये पेपर घेऊन बसतो आणि बायको स्वयंपाकघरात ओटा आवरते. मधे एक भिंत. तिकडून तिचा आवाज येऊ लागला. सकाळचं हिंदी पंचांगापुरतं, हवामानापुरतं. दुपारचं बोलणं मराठीत, आणि भरपूर. "गुडघा आज बरा आहे. काल तेल चोळलं ना." मग जरा शांतता. "वरच्या मजल्यावरच्या वहिनी घर विकणार म्हणतात. मुलगा पुण्याला बोलावतोय." पुन्हा शांतता. "मला नाही बाई कुठे जायचं हे घर सोडून." मला वाटायचं, त्या शांततेत ती डबी हळू आवाजात काहीतरी गोडगोड सांगत असणार. मी स्वतः तिच्याशी एक शब्द बोलायचा नाही असा पण केला होता, त्यामुळे तिची कुवत मला ठाऊक नव्हती. जगातलं सगळं जिला येतं तिला मराठीही येतच असणार, असं मी धरून चाललो होतो.

गुडघ्याचा विषय माझ्यापर्यंत कधी आला नव्हता. तेल कुठलं, दुखतो डावा की उजवा, मला माहीत नव्हतं आणि त्या काळ्या डबीला माहीत होतं! वर आवाज केवढा. बाईला कमी ऐकू येतं की काय, असं वाटावं इतका चढा. एकदा बायको मधेच हसली. ते हसणं मुलगी घरात होती तेव्हाचं. मी रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. पलीकडचं बोलणं तुटलं. जिंकल्यासारखं वाटलं, पण ते फार वेळ टिकलं नाही.

अशातच मुलीने व्हिडिओ कॉलवर मला डबीचं एक नवं अंग दाखवलं. माझ्या मोबाइलमध्ये एक बटण आहे. ते दाबलं की बाहेरून थेट डबीवर फोन लागतो. "आईने उचलायचीही गरज नाही, बाबा. तुम्ही बोला, ती बोलेल." बोलायचं कशाला, माझ्या मनात आलं. नुसतं ऐकता येतं, एवढं पुरे होतं. टिकलीवाला मी, मोज्यांसाठी नंबर न देणारा मी!

दोन दिवस कळ काढली. मग मासळी आणायच्या निमित्ताने सारसोळ्याच्या जेट्टीवर गेलो, खाडीच्या बाजूला कट्ट्यावर बसलो, कानात इअरफोन घातले आणि बटण दाबलं.

आधी नळ ऐकू आला. मग डब्याचं झाकण, मग विळीवर काहीतरी चिरल्याचा आवाज. माझ्याबद्दल ती डबीला काय सांगते, एवढंच मला हवं होतं. चहाड्या असल्या तरी चालतील. नसल्याच तर जास्त लागेल, हेही कळत होतं.

नळ बंद झाला. बायकोने डबीला नावाने हाक मारली, पुढे बाई लावलं, आणि तोच दुपारचा चढा आवाज काढला. "बाबांना सांग."

मी ताठ झालो.

"बाबांना सांग, डबीवर हिरवा दिवा लागलाय. हिरवा म्हणजे बाहेरून कुणीतरी कान लावलाय, पोरीने मला सांगून ठेवलंय. पोरगी आत्ता झोपलेली असते. म्हणजे बाबाच."

"माफ़ कीजिए," डबी म्हणाली, "मैं समझ नहीं पाई."

"हिला मराठीतलं ओ की ठो कळत नाही, हेही सांग. रोज दुपारी भिंतीपलीकडे ऐकू जावं म्हणून मी घसा फोडते, तर तिकडून टीव्ही मोठा होतो. ऐकायचं असेल तर घरात बसून ऐका म्हणावं. इतक्या लांब जाऊन कशाला?"

"माफ़ कीजिए, मैं समझ नहीं पाई."

लेकी बोले सुने लागे, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो. घरातली लेक गेली, तिच्या जागी डबी आली आणि बोलणं मलाच होतं. मी मात्र पोस्टमनवर जळत बसलो होतो.

"काका, घेयाची हाय का नुसती बघायची?" पाटीवाल्या मावशींनी विचारलं. त्या माझ्यासमोर कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. "कोलंबी आत्ताच आनलीय. खाडीची हाय."

मी त्यांना थांबा म्हणून हात केला आणि चारचौघांत त्या मोबाइलमध्ये बोललो. घरात न बोलणारा माणूस, जेट्टीवर ओरडून बोललो. "आईला सांग, कोलंबी आणतोय. आणि गुडघ्याचं तेल संपत आलं असेल, येताना तेही आणतो."

पलीकडे बायकोने नाक ओढलं. कांदा चिरत होती, असं ती अजून सांगते.

"बाबांना सांग, सोलून आणा म्हणावं," ती म्हणाली.

तेव्हापासून दुपारी टीव्ही बंद असतो. बायको डबीला सांगते, मी हॉलमधून डबीलाच उत्तर देतो, आणि डबी दोघांची माफी मागत बसते. रुमाल अजून तिच्याच खाली आहे. ते मला अजून खुपतं.

परवा मुलीचा फोन आला. खुशीत होती. "आई, बाबा, एक गंमत! आता तिला मराठीपण येणार आहे. अपडेट आलंय. करून देऊ? म्हणजे तुमचं सगळं बोलणं तिला कळेल."

मी बायकोकडे बघितलं. बायकोने माझ्याकडे बघितलं. थेट.

"नको," आम्ही दोघंही एकदमच म्हणालो.