काढून नेलेले पाच

आनंदाबाई आष्टीजवळच्या आमच्या गावात बालवाडी चालवायच्या. शिक्षण सातवी, पण चाळीस पोरांना नुसत्या नजरेनं खाली बसवायच्या. सहा वर्षं झाल्यावर, १९७९ साली, वरून पत्र आलं: येत्या मार्चला दहावी पास व्हा, नाहीतर जागा सोडा. बाकीचे विषय त्यांनी पाठ केले. बीजगणित काही पाठ होईना, म्हणून वही घेऊन माझ्याकडे आल्या. मी गावच्या शाळेत गणिताचा मास्तर आणि, खोटं कशाला बोलू, स्वतःला फार हुशार समजणारा.

मी त्यांना समीकरण तराजूवर शिकवलं. एका पारड्यात क्ष किलोच्या चार थैल्या आणि वर तीन किलो, दुसऱ्यात तेवीस किलो, दांडी सरळ. दोन्हीकडून तीन काढा, दांडी सरळच राहते. चार थैल्यांचे वीस, एकीचे पाच. बाई हसल्याच.

"इतकं सोपं हाये, तं लोक काऊन रडून राह्यले?"

वजाचं मात्र मी पुढे ढकलत होतो. फेब्रुवारीतल्या एका रविवारी त्यांनीच विचारलं, "गुरुजी, पारड्यात वजा पाच किलो कसं ठेवाचं? जे नाईच, ते ठेवू कसं?"

मला उत्तर येत नव्हतं. उत्तर आलं नाही की मला राग येतो.

"ते तसंच असतं! दोन्हीकडे पाच मिळवायचे. पाठ करा!"

बाईंनी वही मिटली. पुन्हा कधी विचारलं नाही.

पेपर झाला त्या दिवशी त्या बसमधून उतरून थेट माझ्या दारात आल्या. प्रश्नपत्रिकेत एका ठिकाणी बोट ठेवलं. ३क्ष − ५ = १६.

"पाच दिसले, म्हणून दोन्हीकडून काढले. इकडे अकरा उरले. पण अकराचे तीन सारखे वाटे होऊनच नाई राह्यले. चुकलं का, गुरुजी?"

उत्तर सात होतं. मी म्हणालो, "बाकीचं बरं गेलं असेल." त्यांनी माझ्या तोंडावरूनच ओळखलं असणार.

गणितात दोन मार्कांनी गेल्या. तो प्रश्न तीन मार्कांचा होता. मी अर्ज लिहिले, साहेबांच्या टेबलापुढे हात जोडून उभा राहिलो, काही उपयोग झाला नाही. जुलैत बालवाडीवर मॅट्रिक झालेली मुलगी आली.

थंडीत आष्टीच्या बाजारात बाई दिसल्या. संत्र्यांचा ढीग, हातात तराजू. मी किलोभर मागितली. दांडी सरळ झाली, तरी त्या तशाच धरून पाहत राहिल्या.

"गुरुजी, वजा पाच म्हणजे कोणी त्या पारड्यातून आधीच पाच काढून नेले, अन् मंग दांडी सरळ झाली. असंच ना? नेलेले परत टाकाचे, तं इकडेही पाच टाकाच लागतेत. सोळा अन् पाच एकवीस. एक थैली सातची."

मी बारा वर्षं गणित शिकवत होतो. हे मला ठाऊक नव्हतं.

"बाई, पुन्हा बसा परीक्षेला. मी फॉर्म आणतो."

"आता काऊन, गुरुजी? जागा तं भरली," त्या म्हणाल्या आणि माझी पिशवी धरायला सांगून त्यांनी पारडं रिकामं केलं.