शाळेच्या व्हॅनचा चौथा नट

सुकापूरकरांनो, मुलं व्हॅनने शाळेत जात असतील तर वाचाच.

आज सकाळी माझ्या लेकीला, ऋताला, व्हॅनमध्ये बसवताना मागच्या चाकाकडे नजर गेली. चार नटांच्या जागी तीनच होते.

व्हॅनवाल्या दादांना विचारलं. "ताई, तीन हायत ना, काय नाय व्हत," म्हणत त्यांनी दार ओढलं. मला पनवेल स्टँडवर बस गाठायची होती. मी टाटा केला.

ऑफिसात जीव लागेना. शेजारच्या काकूंना फोन केला, त्यांचा नातूही त्याच व्हॅनमध्ये असतो. त्या म्हणाल्या, "मी सोमवारीच बघितलं होतं गं."

ऋता दुपारी सुखरूप घरी आली. तरी मला स्वस्थ बसवत नाहीये. उद्या सातला तीच व्हॅन दारात येईल.

खरं सांगा, नट दिसला नाही म्हणून तुम्ही मुलीला खाली उतरवलं असतंत? मी नाही उतरवलं.