वाऱ्यावर सोडलेली सुरावट

माझा मामा ओत्तार खिंडीतला बर्फ काढणारी गाडी चालवतो. म्हणजे अर्धा वेळ चालवतो आणि अर्धा वेळ वारा कमी व्हायची वाट बघत गाडीतच बसतो. दुसरे अशा वेळी विणतात, हा लॅपटॉपवर प्रोग्राम लिहितो. बोलणंही त्याचं पहिल्या गिअरमध्ये. काहीही विचारा, आधी श्वास आत ओढून "याउ" म्हणणार, म्हणजे हो. तसं गावात सगळेच 'हो' आत ओढतात, पण प्रत्येकाचं वेगळं. ओत्तारचं पंपात हवा शिरल्यासारखं, शेजारच्या बोर्गाचं कढत कॉफीचा घोट घेतल्यासारखं. मी दोन्ही काढून दाखवते. बोर्गा स्वतःचं ऐकून विचारते, ही कोण म्हातारी?

मामाची बायको सोलरून चेलो वाजवते. वाजवायची, असं ती म्हणते. एका वर्षी दर्यावर्दींच्या सणाला चर्चमध्ये वाजवताना मधला तुकडाच तिच्या डोक्यातून उडाला. गज हवेत धरून ती बसून राहिली. लोकांनी प्रेमानं टाळ्या वाजवल्या, ते तिला जास्त लागलं. तेव्हापासून वाजवायचं ते कपडे धुवायच्या खोलीत, मशीन सुरू करून. यंदा संगीतशाळेला मुलांसाठी चेलो हवा होता आणि ती देऊनच टाकायला निघाली होती.

ओत्तार म्हणाला, एकदा लोकांसमोर वाजव, मग दे. हिवाळाभर गाडीत बसून त्यानं तिच्यासाठी पडद्यावरची सुरावट तयार केली होती. त्यात स्वर लिहिलेले नव्हते, नुसत्या रेघा. रेघ चढली की सूर चढवायचा, जाड झाली की जोर लावायचा, ठिपका आला की तार छेडायची. आणि कुठली रेघ कधी येणार, ते खिंडीतलं वारा मोजायचं यंत्र ठरवणार, वाजवणं चालू असतानाच.

"पुढचं कुणालाच माहीत नाही, मलासुद्धा," तो म्हणाला. "मग तू विसरणार काय?"

पुन्हा अडले तर दुसऱ्या दिवशी चेलो शाळेत, एवढी अट घालून ती तयार झाली.

आणि नेमका कार्यक्रमाच्या दिवशी वारा पडला.

आमच्याकडे वारा कमी होतो, दिशा बदलतो, रुसतो, पण पडत नाही. त्या दिवशी खाडीत डोंगर उलटे दिसत होते. माणसं बिनकोटाची हिंडत होती, कुणी अंगणात शेगडी काढून कोकराचं मांस भाजत होतं. सकाळपासून सभागृहात पडदे ओढून वायरी जोडणाऱ्या ओत्तारला याचा पत्ताच नाही. बोर्गा आणि मंडळी आली ती उन्हानं लाल होऊन.

पडदा उजळला. एक बारीक, आडवी रेघ. सोलरूननं तो सूर धरला. रेघ सरळच. गज परतवून तिनं तोच सूर पुन्हा धरला. रेघ सरळच. ओत्तार बटणं बडवत होता. माझ्या कानाशी पुटपुटला, "वारा शून्य. मी शून्य धरलंच नव्हतं गं."

सोलरूनचा गज वर उचलला गेला आणि तिथेच राहिला. अगदी चर्चमधल्यासारखा. कुणी टाळी वाजवू नये म्हणून मी मनातल्या मनात हात जोडले.

तेवढ्यात दुसऱ्या ओळीतून आवाज आला, "याउ." बोर्गा. कुणाला उद्देशून नव्हे. ऊन बरं लागलं की ती म्हणते तसं, आत ओढून.

सोलरूननं तिच्याकडे पाहिलं. गज तारेवर टेकवला आणि ओढला. कढत कॉफीचा घोट, हुबेहूब. कुणीतरी फिसकन हसलं. बोर्गानं मुद्दाम पुन्हा म्हटलं. चेलोनं पुन्हा म्हटलं, जरा खालच्या सुरात, चिडवल्यासारखं. मग मागून बेकरीवाल्याचं तुटक 'याउ' आलं, पाद्रीबाईंचं लांबलचक आलं, आणि ओत्तारचा पंप. सोलरून एकेकाचं उचलत गेली, त्यांना एकमेकांत गुंफत गेली. सगळ्या गावाचं 'हो' तारेवर आलं. माझ्या नकलांच्या धंद्यावर गदाच.

पडद्यावरची रेघ शेवटपर्यंत हलली नाही.

नंतर कॉफी आणि तळलेले गोड पीळ घेताना ओत्तार म्हणाला, प्रोग्राममध्ये दोन ओळींची दुरुस्ती आहे, रात्रीच करतो. सोलरून चेलोला लागलेली साखर झटकत होती.

"त्या शून्याला हात लावलास," ती म्हणाली, "तर शाळेला तुझा लॅपटॉप देईन."

ओत्तारनं श्वास आत ओढला.