ठकूबाईंच्या ओळीपर्यंत पोचणारा स्पीकर

"हा बागेत बोलतच नाय," असं म्हणत हिराबाईंनी स्पीकर काउंटरवर ठेवला. सोबत खोका होता, चार्जिंगची वायर होती आणि मी भरून दिलेलं वॉरंटी कार्डही होतं. चारच दिवसांपूर्वी मीच त्यांना तो विकला होता.

मी तो चालू केला. दुकान दणाणलं. शेजारच्या फळीवरच्या इस्त्र्यासुद्धा थरथरल्या. शेठनी आतूनच हात हलवून बंद करायला सांगितलं.

"इथं बोलतो," हिराबाई म्हणाल्या. "तिथं नाय बोलत."

मी गंगापूर रोडवरच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अर्धवेळ सेल्समन आहे. सकाळी कॉलेज, बी.एस्सी.चं दुसरं वर्ष, दुपारनंतर दुकान. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे कुणाला काही समजावून सांगायची संधी मिळाली की मी जरा जास्तच बोलतो. स्पीकर विकतानाही तेच झालं होतं. हिराबाईंना उघड्यावर गाणी ऐकायची होती. मी त्यांना तीस वॅट म्हणजे किती ताकद ते सांगितलं. बास म्हणजे ढोलासारखा, छातीत वाजणारा आवाज, हेही सांगितलं. हा पाण्यात पडला तरी बिघडत नाही, असंही वर सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बागेत पाण्यात कशाला पडंल?" मी नुसता हसलो. बाग कुठली, ऐकणारे किती जण, ते कुठे असणार, यातलं काहीच विचारलं नाही. आमच्याकडे पद्धतच तशी होती. परवडेल तो मोठ्यात मोठा स्पीकर काउंटरवर ठेवायचा, एक ठरलेलं दणदणीत गाणं लावायचं, आणि गिऱ्हाइकाची मान हलायला लागली की बिल करायचं.

शेठ बाहेर आले. स्पीकरमध्ये बिघाड नसेल तर तो परत घेता येत नाही, असं त्यांनी हिराबाईंना नीट समजावून सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दीपक, तू विकलास ना? मग आता तूच ऐक त्यांचं."

मी स्टूल पुढे केलं. जे आधी विचारायला हवं होतं ते आता विचारलं.

हिराबाई गिरणारे गावाकडच्या. दहा बायांच्या टोळीच्या मुकादम. द्राक्षबागेत सध्या थिनिंग चालू होतं. थिनिंग म्हणजे घडातले जादा मणी कात्रीने काढून टाकायचे, म्हणजे उरलेल्या मण्यांना फुगायला जागा मिळते. वेलींच्या एकेका ओळीत एकेक बाई. सगळ्या एका टोकापासून सुरू करतात आणि ओळीओळीने पुढे सरकतात. पूर्वी त्या कामावर एकत्र गाणी म्हणायच्या. आता जिच्या तिच्या कमरेला मोबाइल, जिचं तिचं गाणं. तरण्या पोरी भराभर पुढे निघून जातात. मागे एकट्या ठकूबाई राहतात.

ठकूबाई टोळीतल्या सगळ्यात वयस्कर. हात अजून सफाईदार, पण एकट्या पडल्या की मंदावतात. बागायतदाराला बांधावरून ती मागे पडलेली ओळ दिसते. त्याने हिराबाईंना सांगून टाकलं होतं की सोमवारपासून म्हातारीला आणू नका.

"मला कात्री धरायला तिनं शिकवली," हिराबाई म्हणाल्या. "तिला घरी बस म्हणून मी कशी सांगू? म्हनलं सगळ्यांना एकच गाणं ऐकू आलं, तर सगळ्या एका चालीनं चालतील. म्हनून घेतला ह्यो."

मी घोटीकडचा, भाताच्या गावचा. आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावताना, माझी आई बायांच्या रांगेत उभी असते. त्या रांगेत गाणं थांबलं की रांग वाकडी होते, हे मी लहानपणापासून पाहिलंय. मला आणखी काही समजावून सांगायची गरज नव्हती. त्या दिवशी शनिवार होता. मी शेठना म्हटलं, उद्या सकाळी बागेत जाऊन बघतो. दोन छोटे डेमो पीस सोबत नेऊ का?

"एक ओरखडा आला तरी ते तुझ्या नावावर," एवढंच शेठ म्हणाले आणि कपाटाची किल्ली दिली.

रविवारी सकाळी बागेत पोचलो. मोठा स्पीकर ओळींच्या तोंडाशी द्राक्षं भरायच्या एका प्लास्टिकच्या कॅरेटवर ठेवलेला होता. मी तो लावला आणि बागेत चालत गेलो. दहा पावलांवर आवाज छान होता. वीस पावलांवर बरा. पन्नास पावलांवर नुसती गुणगुण. गाण्याचा एक शब्द कळेना. उलट स्पीकरजवळ काम करणाऱ्या दोघी म्हणाल्या की डोकं उठतं.

दुकानात भिंती असतात, काच असते. त्यांवर आपटून आवाज परत येतो, म्हणून लहानसा स्पीकरही मोठा वाटतो. बागेत गेलेला आवाज परत येत नाही. त्यात पानं त्यातले बारीक सूर खाऊन टाकतात. शिवाय स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाजाची तीव्रता चौथाई होते. हे मी परीक्षेत आकृतीसकट लिहिलंय आणि त्याचे पूर्ण मार्कही घेतलेत. काउंटरवर मात्र ते आठवलं नाही.

मी दोन छोटे स्पीकर काढले. हे एकाच मोबाइलला एकदम जोडता येतात. एक मांडवाच्या तारेला कानाच्या उंचीवर टांगला, दुसरा पुढे तसाच टांगला. आवाज निम्मा ठेवला. आता शब्द सगळ्यांना कळत होते. ठकूबाईंनी मागे वळूनही न बघता गाण्याची ओळ उचलली. मला वाटलं, जमलं.

अर्धा तास जमलंही. मग कविता नावाची टोळीतली सगळ्यात चपळ पोरगी पुढचा स्पीकर तारेवरून काढून आपल्यासोबत घेऊन गेली, आणि गाणं तुटायला लागलं. दोन शब्द, मग शांतता, मग एक शब्द.

"मास्तर, तुमचा हा बी तसलाच निघाला," कविता म्हणाली. सगळ्या हसल्या.

मला कानकोंडं झालं. ब्लूटूथला अंतराची मर्यादा असते. मोबाइलपासून काही पावलांपुढे, त्यात मधे वेली आणि माणसं आली की, जोड तुटते. मोबाइल हिराबाईंच्या पिशवीत होता आणि त्या मागे ठकूबाईंजवळ होत्या. मी चाचरत सांगितलं, "मावशी, माफ करा. यात हा दोष आहेच. स्पीकर मोबाइलपासून लांब गेला की गाणं तुटणार. फार तर वीस पावलं."

हिराबाईंनी कात्री थांबवली. "म्हंजी पुढं पळालं की गाणं बंद?"

"हो."

"आन मोबाइल जिच्याकडं, तिच्या जवळ राहिलं तरच चालू?"

"हो, मावशी."

त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला आणि ठकूबाईंच्या कमरेच्या बटव्यात घातला. मग सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाल्या, "ऐका गं. आजपासून गाणं ठकूआत्याच्या कमरेला हाय. जिला ऐकायचं तिनं तिच्या संगं राहायचं."

ठकूबाई लाजल्या. "अगं, मला ह्यातलं काय कळतंय," म्हणत त्यांनी बटव्याची नाडी मात्र दोनदा गाठ मारून बांधली.

मला वाटलं, पुढच्या पोरी चिडतील. एक-दोघी कुरकुरल्या खऱ्या. पण थोड्या वेळाने पुन्हा गाणं तुटलं तेव्हा कविताच मागे आली. नुसती उभी राहण्यापेक्षा म्हणून ठकूबाईंच्या ओळीतल्या दोन वेली तिने करून टाकल्या, आणि गाणं परत लागलं. पुढच्या वेळी दुसरी आली. दुपारपर्यंत दहाही ओळी साधारण बरोबरीने सरकत होत्या. बागायतदार मोटरसायकलवरून आला, बांधावर थांबला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली. मागे पडलेली ओळ त्याला दिसलीच नाही. उद्या फवारणी आहे, जरा उशिराने या, एवढं सगळ्यांना सांगून तो गेला. सगळ्यांत ठकूबाईही आल्या.

संध्याकाळी दुकानात शेठना सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही डेमो पीस उलटेपालटे करून पाहिले. एकावर तारेचा बारीक ओरखडा होता. मी खाली मान घातली. "ते दोन त्यांनाच दे," शेठ म्हणाले. "मोठा परत घे, तो आपल्याकडे डेमोला राहू दे. पण तो आता आत वाजवायचा नाही. बाहेर पार्किंगमध्ये न्यायचा, आणि गिऱ्हाइकाला रस्त्याकडेला उभं करायचं."

थिनिंग संपेपर्यंत ठकूबाई कामावर होत्या. हे मला हिराबाईंनीच फोनवर सांगितलं. चार्जिंगची वायर खराब झाली म्हणून त्यांनी फोन केला होता.

बाहेरच्यासाठी स्पीकर घेणाऱ्याला वॅट आणि बास मी अजूनही समजावून सांगतो. पण सगळ्यात लांब कोण बसणार, हे आधी विचारतो. बहुतेकांना ते सांगता येत नाही. मग मी त्यांना घरी जाऊन विचारून यायला सांगतो. त्यामुळे काही गिऱ्हाइकं परत येत नाहीत. शेठ त्याबद्दल अजून तरी काही बोललेले नाहीत.