चिठ्ठीमास्तरांचे लिफाफे

दवाखान्यात त्यांना सगळे चिठ्ठीमास्तर म्हणत. गुडघेदुखीवरच्या एका नव्या गोळीची तीन वर्षं चाचणी चालली होती. निम्म्यांना नवी गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच पण आत नुसती साखर. कुणाला कुठली, ते चिठ्ठी ठरवणार. मास्तर चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या पिसत, न बघता लिफाफ्यात घालत, वर नंबर टाकत. लिफाफा बल्बसमोर धरून आतलं दिसत नाही ना, हेही बघत. सोवळ्यातली माणसंसुद्धा इतकं पाळत नसतील.

रुग्ण येईल तसे लिफाफे ओळीनं फोडून आतली गोळी द्यायचं काम वॉर्डातल्या नर्स ताईंचं. वीस वर्षांची ओळख, डबा एकत्र खायची सवय. मास्तर म्हणायचे, "ताईंच्या हातात लिफाफा म्हणजे तिजोरीत."

मास्तरांच्या बायकोचेही गुडघे धरलेले. मोठे डॉक्टर म्हणाले होते, हिला नवीच देऊ. मास्तरांनी मान हलवली. "माझ्या बायकोलाही चिठ्ठीच." ही गोष्ट त्यांनी पुढे शंभर जणांना तरी ऐकवली असेल. आणि आपल्याकडून काही पक्षपात नको म्हणून तीन वर्षं घरात एक प्रश्न त्यांनी विचारला नाही: गुडघा कसा आहे?

चाचणी संपली. फोडलेल्या चिठ्ठ्यांचे मास्तरांनी दोन गठ्ठे केले. कोण बरं झालं ते नंतर. आधी सुरुवातीला कुणाला किती दुखत होतं, ते त्यांनी मांडलं. नीट पिसलेलं असेल तर दोन्हीकडे साधारण सारखंच निघायला हवं. निघालं भलतंच. सगळ्यात जास्त कण्हणारी माणसं नव्या गोळीच्या गठ्ठ्यात. नशीब इतकं कनवाळू नसतं, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं.

ते वॉर्डात गेले. ताईंनी आढेवेढे घेतले नाहीत. भिंतीवरच्या एक्स-रे बघायच्या पेटीकडे बोट दाखवलं.

"त्या पेटीवर ठेवलं की आतलं अक्षर दिसतं, भाऊ. समोर बाई रडतेय आणि मी तिला साखर देऊ? मग मी पुढचा लिफाफा घ्यायची. हा ठेवायची कुणा धडधाकट माणसासाठी."

"जास्त दुखणाऱ्याचं दुखणं थोडंफार आपोआपही उतरतं, ताई. आता गोळीनं उतरलं की आपोआप, कसं सांगू मी?"

"वहिनींनाही मीच नवी दिली," ताई हळूच म्हणाल्या. "तुम्ही तर काही करणार नव्हतात."

मास्तरांना बसायला खुर्ची सापडेना. परक्यानं फसवलं असतं तर ते ओरडले असते. इथे केसानं गळा कापला होता, तोही मायेनं, आणि त्यांना ओरडताही येईना.

घरी येऊन ते डॉक्टरांना पत्र लिहायला बसले: चाचणी ग्राह्य धरू नये, लिफाफे आधीच बघितले गेले. बायको भाजी निवडत समोर बसली होती.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवसापासून. ताईंनी शपथ घातली होती तुम्हाला न सांगायची."

तीन वर्षं एका ताटापुढे बसून. शंभर जणांना ऐकवलेली ती फुशारकी आठवली, आणि त्या प्रत्येक वेळी शेजारी गप्प बसलेली ही. वॉर्डातल्यापेक्षा हे जास्त लागलं.

"माझं नाव घालणार पत्रात?"

"नंबर घालणार." त्यांनी तो घातला. मग पेन खाली ठेवून पहिल्यांदाच विचारलं, "गुडघा कसा आहे?"

ती खाली बघूनच बोलली. "होता तसाच. पण ताईंनी एवढं माझ्यासाठी केलं, त्यांना वाईट नको वाटायला. म्हणून दर महिन्याला सांगायची, बराच उतार आहे."

मास्तरांनी पेन पुन्हा उचललं. मग त्यांनी पत्राला दुसरं पान जोडलं: उतार पडल्याच्या नोंदीही खऱ्या धरू नयेत.