सहावा गल आणि शकूचा मुहूर्त

एका पांढऱ्या चेंडूपुढे उभा राहून माणूस काहीही न करता किती वेळ काढू शकतो, हे मी माझ्या भाचीच्या लग्नाच्या दिवशी पाहिलं. मुहूर्त संध्याकाळी सहा बावन्नचा, कल्याणला. आणि नवरीचे वडील सकाळी साडेसातपासून कोलशेतच्या माळावर, हातात काठी घेऊन!

हे वडील म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही त्यांना भाऊजी म्हणतो. कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्यात ते स्टोअर्सचे अधिकारी होते. तिथल्या गोऱ्या साहेबाने खाडीकाठच्या पडीक जमिनीवर गोल्फसाठी गोट्यांच्या खेळातल्यासारखे सहा गल खणून घेतलेले. साहेब रोज सकाळी तडातड चेंडू मारत जायचा आणि पाऊण तासात सहाही गल उरकून नाश्त्याला हजर व्हायचा. स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी तो विलायतेला परत गेला. जाताना काठ्या आणि एक चांदीचा कप मागे ठेवून गेला. तो मागे ठेवला नसता तर आमच्या घराण्यावर उपकार झाले असते.

आमचे लोक हा खेळ साहेबाकडे लांबून बघून शिकलेले. त्यामुळे फटका सोडून बाकी सगळं त्यांना उत्तम येत होतं. भाऊजींचंच सांगतो. आधी ते टोपी काढून टक्कल पुसत. मग टोपी घालत. मग चष्मा पुसत. मग वारा पाहण्यासाठी चिमूटभर गवत वर उडवत. (वैशाखात तिथे गवत कुठलं? ते माती उडवत, ती त्यांच्याच डोळ्यांत जाई, की पुन्हा चष्मा.) मग चेंडूमागे उकिडवे बसून एक डोळा मिटत. मग चार वेळा हवेत खोटे फटके. मग आकाशाकडे एक नजर. एवढ्यात कुठे कावळा ओरडला की पुन्हा टोपीपासून सुरुवात! आणि एवढं सगळं झाल्यावर चेंडू जाई किती, तर सहा पावलं.

त्यांचे प्रतिस्पर्धी कारखानीस. हे मुख्य केमिस्ट, म्हणजे शास्त्रीय वृत्तीचे. ते खिशातून गवंड्याचा ओळंबा काढून जमिनीचा उतार पाहत. भाऊजींनी एका फटक्याला नऊ मिनिटं घेतली तर कारखानीस दहा घेत. कारण घाई करायची ती कारकुनांनी, अशी दोघांचीही पक्की समजूत होती. कारखान्यात हुद्दा पगारावर ठरायचा आणि माळावर तो उशिरावर ठरायचा. मला या सगळ्याचा मनस्वी तिटकारा होता. मी डोंबिवलीच्या शाळेत भूमिती शिकवणारा मास्तर. घंटा झाली की वर्गात, घंटा झाली की बाहेर, यावर माझं आयुष्य चाललेलं.

कपाची अंतिम फेरी नेमकी शकूच्या लग्नाच्या दिवशी आली. देवक आदल्या दिवशी बसलं होतं. भाऊजी पहाटे "अर्ध्या तासाचं काम आहे" म्हणून लग्नघरातून सटकले. नऊ वाजता ताईच्या लक्षात आलं की हे अर्ध्या तासाचं काम नव्हे. तिने मला कोठीच्या खोलीत ओढलं. कन्यादान होईपर्यंत ताई-भाऊजी दोघांनाही उपास, त्यामुळे तिचा चेहरा आधीच उतरलेला.

"बापू, शकूचं कन्यादान त्यांच्या हातून व्हायला हवं," ती म्हणाली. "त्यांना घेऊन ये. आणि तिथे भाषणं देत बसू नकोस."

मुंडावळ्या बांधलेली शकू दारात उभी होती. तिला बोहल्यावर मीच नेणार होतो. ती मला म्हणाली, "मामा, बाबांचं मला ठाऊक आहे. पण तू तरी वेळेवर ये."

मी गाडीने ठाण्याला आणि टांग्याने कोलशेतला सव्वाअकराला पोचलो. चार तास होत आले होते आणि मंडळी तिसऱ्या गलावर होती! भाऊजी उकिडवे बसले होते. त्यांचे जोडीदार साठे भुकेने कळवळले होते. कारखानीसांचे जोडीदार पेंडसे बाभळीखाली झोपले होते. (हे कारखान्याचे टाइमकीपर. माणसाची नेमणूक किती विचारपूर्वक करतात पाहा.) मी लग्नाची आठवण करून दिली तेव्हा भाऊजी बोट ओठांवर ठेवून म्हणाले, बाराला कारखान्याचा ट्रक ठाण्याला जातो, त्याने जाऊ.

बाराला ट्रक आला. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. भोंग्याने भाऊजींची एकाग्रता भंगली आणि त्यांनी पुन्हा टोपी काढली. ड्रायव्हरने आणखी दोनदा वाजवला, म्हणजे आणखी दोन टोप्या. शेवटी ट्रक गेला. त्यात साठे बसून गेले. आयुष्यात शहाणपणाचं एखादंच काम करण्याची संधी माणसाला मिळते, ती साठ्यांनी साधली.

आता काय, म्हणून मी डोक्याला हात लावून बसलो, तेवढ्यात जोमा नाखवा देवासारखा भेटला. हा तिथला कोळी, कॅन्टीनला मासळी आणून द्यायचा. त्याची होडी सहाव्या गलाच्या पलीकडे, बांधालाच लागलेली. भरतीचं पाणी कल्याणकडेच चढत होतं. त्याने सरळ हिशेब मांडला, "आरीच वाजता निंगू. तीनला पानी फिरंल. मंग होरी चिखलान बसल, मना बोलू नुका."

अडीचला निघायचं. मी भाऊजींच्या कानाशी लागलो, कारखानीसांना हात जोडले, पेंडशांना उठवलं. चौथ्या गलाला कारखानीसांचा ओळंबा वाऱ्याने हलत राहिला. पाचव्याला एक म्हैस आडवी बसली आणि तिला उठवावं की नाही याबद्दल नियम काय म्हणतो, यावर चर्चा झाली. (म्हशीने कंटाळून स्वतःच जागा सोडली.) मी दोघांनाही मनातल्या मनात जेवढं म्हणून टाकून बोलता येईल तेवढं बोलून घेतलं. तरीही सव्वादोनला आम्ही सहाव्या गलावर होतो. दोन्ही बाजू बरोबरीत होत्या. आमचा चेंडू गलापासून जेमतेम दीड हातावर आणि होडी पन्नास पावलांवर.

आणि इथे कळलं की पाळी साठ्यांची आहे. जोडीतल्या दोघांनी आलटून पालटून मारायचं, असा नियम. साठे गेल्यापासून त्यांचे फटकेही भाऊजीच मारत होते, पण कारखानीसांना नियम आठवला तो आत्ता. साठे ट्रकमधून केव्हाच ठाण्याला पोचले असतील. कारखानीस हसून म्हणाले, साठे नाहीत म्हणजे कप आमचा. त्यावर भाऊजी म्हणाले, साठ्यांच्या जागी आमचा मेहुणा मारील. कारखानीसांनी ते लगेच मान्य केलं. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

"बापू, नुसता ढकल," भाऊजी काठी माझ्या हातात देत म्हणाले. उपाशी माणूस, उन्हाने लाल झालेला, तीन वर्षं हा कप हुकलेला. मला त्यांची दया आली. म्हटलं, दोन सेकंदांचं काम. उभ्या उभ्या ढकलून टाकू आणि या रिकामटेकड्यांना दाखवून देऊ की शहाणा माणूस कसा खेळतो.

मी काठी मागे नेली. तेवढ्यात कारखानीस अगदी मायेने म्हणाले, "सावकाश, मास्तर. तिथे जरासा उतार आहे."

मी पाहिलं. उतार खरंच होता.

आता भूमितीच्या मास्तरला उतार दिसल्यावर तो काय करणार? मी वाकलो. वाकून नीट दिसेना म्हणून गुडघ्यांवर बसलो. उतार डावीकडे साधारण चार अंशांचा वाटला, पण मधे एक फुगवटा होता, त्यामुळे कोन बदलत होता. मी हातातली छत्री जमिनीवर आडवी ठेवून रेष आखली. मग ती गलाच्या बाजूने उलट ताडून पाहिली. दोन्ही रेषा जुळेनात. घाम डोळ्यांत येत होता म्हणून टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी घातली. मग चष्मा पुसला. कारखानीसांनी न मागता ओळंबा पुढे केला आणि मी तो घेतला!

जोमा बांधावरून ओरडला की अडीच झाले. मी त्याला हातानेच गप्प केलं. एक टिटवी कोकलत गेली, त्यामुळे मला फुगवट्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागली. पुन्हा आडवे झालेले पेंडसे उठून बसले आणि हातातल्या घड्याळाकडे प्रथमच कौतुकाने पाहू लागले. शेवटी भाऊजी माझ्या मागे येऊन कळवळून म्हणाले, "बापू, मार रे आता. शकूचं लग्न आहे आज."

आणि मी, खुद्द मी, मागे वळूनही न पाहता म्हणालो, "शूऽऽ."

तीन वाजून दहा मिनिटांनी मी सगळा जोर एकवटून फटका मारला. चेंडू गलाच्या डावीकडून गेला, फुगवट्यावरून उसळला, बांध ओलांडला आणि खाडीत पडला. मागून पेंडशांनी जाहीर केलं, "पंचावन्न मिनिटं." या माळावर आजवर एका फटक्याला एवढा वेळ कुणी घेतला नव्हता म्हणे.

कप जिंकल्यामुळे कारखानीसांना औदार्य सुचलं. त्यांच्याकडे सायकल होती. ते म्हणाले, भाऊजींना डबलसीट ठाण्यापर्यंत नेतो, मास्तर मागून पेंडशांच्या सायकलवरून येतील, चारची गाडी मिळेल. भाऊजी एक पाय टाकून बसलेसुद्धा. पण ज्या माणसाने आत्ता माझी फजिती केली त्याच्या कॅरियरवर माझे भाऊजी? मी त्यांना खाली उतरवलं. ठाण्याला जाऊन तिथून कल्याण हा त्रिकोण आहे, मी सांगितलं, आणि त्रिकोणाच्या दोन बाजू मिळून तिसरीपेक्षा नेहमीच मोठ्या असतात. खाडी ही तिसरी बाजू.

"पानी फिरलंय, मास्तर," जोमा म्हणाला.

मी त्यालाही त्रिकोण समजावून दिला. त्याने माझ्याकडे एकदा, भाऊजींकडे एकदा पाहिलं आणि होडी सोडली.

खाडीला भूमिती येत नाही. ती आधी उत्तरेला गेली, मग पूर्वेला, मग चक्क आल्या वाटेने परत वळते की काय असं वाटू लागलं. समोरून ओहोटीचा लोंढा. जोमा आणि त्याचा भाऊ वल्ही मारून घामाघूम झाले. भाऊजींनी आणि मीही हात लावला, त्याने वेग आणखी कमी झाला. दुर्गाडीचा बुरूज दिसू लागला आणि मी म्हणणार होतो की बघा, पोचलो, तेवढ्यात होडी खालून घासली आणि बसली. पाणी आमच्या डोळ्यांदेखत निघून गेलं. काठापर्यंत नुसता काळा चिखल.

आम्ही उतरलो. पहिल्या पावलाला गुडघा गेला, दुसऱ्याला मांडी. भाऊजींची चप्पल गेली, माझी छत्री गेली. निम्म्या वाटेवर असताना पलीकडच्या गल्लीत एकदम ताशा आणि सनई कडाडली. म्हणजे अक्षता पडल्या होत्या. भाऊजी जिथे होते तिथेच थांबले. मांडीपर्यंत रुतलेला तो माणूस, त्याने हात जोडले, मग चिखलात साचलेलं खाडीचं पाणी ओंजळीत घेऊन मांडवाच्या दिशेने सोडलं. तोंडाने काहीतरी पुटपुटत होते, बहुधा लेकीचं नाव. मला त्या क्षणी स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी नंतर कधी वाटली नाही, आणि नंतर प्रसंग काही कमी आले नाहीत.

मांडवात पोचलो तेव्हा भाऊजींच्या धाकट्या भावाने आणि त्याच्या बायकोने कन्यादान उरकलं होतं. ताई खांबाला टेकून उभी होती, सकाळपासून उपाशी. बोहल्यावर शकूच्या मागे मामा म्हणून कोण उभं राहिलं असेल? कारखानीस! ते पाच वाजताच सायकल आणि गाडीने येऊन पोचले होते, आंघोळ करून, रेशमी कोट घालून. ताईच्या माहेरचा दुसरा पुरुष हाताशी नाही असं पाहून त्यांनीच पुढाकार घेतला म्हणे. कपही माझा गेला आणि भाचीही.

ताईने आमच्या चिखलाकडे पाहून एवढंच विचारलं, "कुणामुळे?"

"माझ्यामुळे," भाऊजी पटकन म्हणाले. आयुष्यात त्यांनी झटपट केलेली ती एकच गोष्ट. मी गप्प राहिलो. पण कारखानीसांनी मांडवभर आधीच पंचावन्न मिनिटांची हकिकत छत्रीसकट सांगितली होती, तेव्हा गप्प राहून काही उपयोग नव्हता.

निघताना शकू पाया पडायला वाकली. मी तोंड लपवत होतो. ती रडत होती आणि हसतही होती. म्हणाली, "मामा, माझ्या मुलीच्या लग्नाला तू आतापासूनच निघ."

त्या मुलीचं लग्न पुढे ठाण्याला झालं. पत्रिकेत मुहूर्त नऊ पस्तीसचा. मी पहाटे उठलो, पण निघता निघता उशीर झालाच आणि धापा टाकत सव्वादहाला कार्यालयात शिरलो. आत शुकशुकाट. दोन माणसं खुर्च्या हलवत होती. म्हणजे सगळं उरकून लोक गेलेही, असं समजून मी पायरीवर डोकं धरून बसलो. शकू स्वतः चहा घेऊन आली.

"मुहूर्त सव्वाबाराचा आहे मामा," ती म्हणाली. "तुझी पत्रिका वेगळी छापून घेतली होती."

हे ऐकून मला इतकं हायसं वाटलं की दोन तास हातात आहेत तर जरा तळ्याकडे फेरी मारून यावी म्हणून मी बाहेर पडलो, आणि साडेबाराला परत आलो.